लुई ब्रेल आणि कूव्रे गांवची शाळा

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण त्यांच्या बालपणाचीं पानें बहुधा घाईघाईनें उलटतों. कारण कीर्तीचा प्रसंग पुढें असतो व तेथें लवकर पोंचावें अशी वाचकाची इच्छा असते. लुई ब्रेल याच्या चरित्राचेंहि असेंच झालें आहे. अंधांसाठीं सहा टिंबांची लिपि शोधून काढणारा हा फ्रेंच गृहस्थ आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस नांवानें ठाऊक असेल. लहानपणीं त्याचे डोळे गेले, पुढें पॅरिसच्या अंधशाळेंत तो शिकला व तेथें त्यानें लिपि तयार केली, एवढें सांगून पुष्कळशीं पाठ्यपुस्तकें मोकळीं होतात. डोळे जाणें आणि पॅरिसला जाणें यांच्यामध्यें जीं पांच-सहा वर्षें गेलीं, त्यांविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. आमच्या मतें या चरित्राची किल्ली त्या वर्षांतच आहे. म्हणून आम्ही तेथें जरा अधिक वेळ थांबणार आहों. वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं बालवाडीच्या वयाचीं मुलें आहेत अशा पालकांनीं, तेवढा धीर धरावा अशी विनंति आहे.

कूव्रे हें पॅरिसच्या पूर्वेस सुमारें २५ मैलांवर असलेलें एक लहानसें गांव. तेथें सिमों-रने ब्रेल नांवाचे जिनगर राहत असत. घोड्यांचीं खोगिरें, लगाम, गाडी जुंपण्याचा चामडी सरंजाम हें त्यांचें काम. धंदा बरा होता, थोडी जमीन व द्राक्षांचा मळा होता, आणि घर स्वतःचें होतें. पत्नी मोनिक हिच्यापासून त्यांना दोन मुली व एक मुलगा अशीं तीन अपत्यें होतीं; तीं मोठीं झाल्यावर, ४ जानेवारी १८०९ रोजीं, चौथें मूल जन्मास आलें. तोच आमचा लुई. उतारवयाकडे झुकलेल्या आईबापांना हें शेंडेफळ किती प्रिय असेल तें सांगावयास नको.

लहान मुलांना बापाच्या हत्यारांचें भारी आकर्षण असतें. सन १८१२ मध्यें, म्हणजे तीन वर्षांचा असतांना, वडिलांचें लक्ष नाहीं असें पाहून लुईनें कारखान्यांतील एक अणकुचीदार हत्यार उचललें. कोणी ती आरी होती म्हणतात, कोणी चामडें कापण्याची वांकडी सुरी होती म्हणतात. चामड्याच्या तुकड्यावर तो जोर करूं लागला, हत्यार निसटलें आणि डोळ्यांत शिरलें. रोगजंतूंचें ज्ञान त्या काळीं कोणास नव्हतें. जखम निर्मळ राखण्याची विद्या अजून अर्धें शतक दूर होती. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यांत पसरला, आणि लुई पांच वर्षांचा होईपर्यंत त्याची दृष्टि सर्वस्वीं गेली.

त्या काळच्या खेड्यांतील आंधळ्या मुलापुढें कोणता मार्ग होता, हें ध्यानीं आणिल्याशिवाय पुढील हकीकतीचें महत्त्व कळणार नाहीं. श्रीमंताचें मूल असेल तर तें घरांत सांभाळलें जाई. गरिबाचें असेल तर बहुधा चर्चच्या दारीं किंवा जत्रेंत हात पसरावयास बसे. हें मूल कांहीं शिकेल ही कल्पनाच लोकांना नव्हती. त्यांत काळहि वाईट. सन १८१४ मध्यें नेपोलियनचा पराभव झाला आणि परकी फौजा कूव्रे गांवांतूनहि येऊं-जाऊं लागल्या. त्यांचे शिपाई घरोघर उतरत, गांवकऱ्यांकडून धान्य, चारा, जनावरें वसूल करीत. डोळे गमावून बसलेल्या बालकाचें घर अशा भरल्या गडबडींत होतें. परक्या भाषेचे अनोळखी आवाज व अनोळखी पावलें यांमधून त्या पोरानें आपलें घर पुन्हा ओळखावयास शिकावें, असा तो प्रसंग.

अशा वेळीं आईबापांनीं काय केलें? त्यांनीं त्याला कोपऱ्यांत बसविलें नाहीं. वडिलांनीं त्याच्या उंचीच्या मानानें कांठी करून दिली. कांठीनें वाट चांचपीत लुई अंगणांत, मग गल्लींत, मग गांवांत फिरूं लागला. लगामांना व सरंजामाला लावावयाचे गोंडे आणि झालरी करण्याचें काम वडिलांनीं त्याच्या हातीं दिलें. ज्या कारखान्यांत डोळे गेले त्याच कारखान्यांत त्याला पुन्हा नेऊन बसविणें हें बापाच्या काळजाला सोपें गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्यांनीं तें केलें. येथें आम्हांस आमच्याकडील कित्येक घरांची आठवण होते. मूल आंधळें, बहिरें किंवा पांगळें असलें म्हणजे तें घर त्याच्यावर प्रेम करीत नाहीं असें नाहीं. उलट इतकें प्रेम करतें कीं, त्याला उठूं देत नाहीं, पडूं देत नाहीं, आणि कामाला हात लावूं देत नाहीं. त्या प्रेमाचीच पुढें बेडी होते. ब्रेल दांपत्य तितकें शिकलेलें नव्हतें, परंतु ही चूक त्यांच्या हातून झाली नाहीं.

त्या घरची आणखी एक आठवण सांगतात. वडिलांनीं लांकडाच्या फळीवर खोगिराचे बारीक खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले आणि लुईला त्यांवरून बोट फिरवावयास शिकविलें. पाटीवर खडूनें काढलेलें अक्षर त्याच्यासाठीं नव्हतेंच. खिळ्यांचें अक्षर होतें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

सन १८१५ मध्यें झाक पाल्युई नांवाचे नवे धर्मगुरु गांवीं आले. त्यांचें लक्ष या मुलाकडे गेलें. ते त्याला आपल्या घरीं बोलावून शिकवूं लागले. पवित्र शास्त्रांतील कथा सांगत, आणि सृष्टीची ओळख हातानें, कानानें व नाकानें करून देत. कांहीं काळानें त्यांची अशी खात्री झाली कीं, एकट्यानें शिकणें या मुलास पुरे नाहीं, त्याला चार मुलांत बसविलें पाहिजे. मग ते गांवच्या शाळेचे शिक्षक आंत्वान बेशरे यांच्याकडे गेले आणि लुईला शाळेंत घेण्याची त्यांनीं विनंति केली.

बेशरे यांनीं ती मान्य केली. हें वाक्य लिहावयास लहान आहे. परंतु आम्ही स्वतः शिक्षकाचा धंदा करीत असल्यामुळें त्याचें वजन आम्हांस चांगलें कळतें. अंध मुलास शिकविण्याचें शिक्षण बेशरे यांनीं घेतलेलें नव्हतें. त्यांच्यापाशीं त्यासाठीं एकहि साधन नव्हतें. त्यांच्यावर कोणता कायदाहि नव्हता, कारण फ्रान्समध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें तें सन १८८२ मध्यें. नाहीं म्हणण्यास त्यांना हवीं तितकीं कारणें होतीं, आणि तीं देऊन त्यांनीं मुलाला परत पाठविलें असतें तर गांवांत कोणीहि त्यांना दोष दिला नसता.

शेजारचा एक मुलगा रोज सकाळीं लुईचा हात धरून त्याला शाळेंत नेऊं लागला. शाळेंत लुई ऐके. शिक्षक जें तोंडानें सांगत तें त्याच्या स्मरणांत बसे. तोंडी हिशेब तो इतरांबरोबर करी. प्रश्न विचारले असतां उत्तरें देई. तो मागें पडेल, वर्गालाहि मागें ओढील, अशी ज्यांना शंका असेल त्यांनीं येथें लक्ष द्यावें: वर्गांतील हुशार मुलांत त्याची गणना होऊं लागली. सुमारें दोन-तीन वर्षें तो या साध्या, गांवच्या, सर्व मुलांसाठीं असलेल्या शाळेंत होता.

आम्हांस पालकांकडून कित्येकदां विचारण्यांत येतें कीं, अशीं मुलें साध्या वर्गांत घेतलीं तर शिक्षकाचें सारें लक्ष त्यांच्याकडेच नाहीं का जाणार? आमचा अनुभव निराळा आहे. शिक्षक फळ्यावर लिहीत असतां तेंच तोंडानें स्पष्ट म्हणूं लागला तर अंध मुलाची निम्मी अडचण तेथेंच दूर होते. आणि मागच्या बाकावरील ज्या डोळस मुलास फळा नीट दिसत नव्हता, परंतु तसें सांगण्याची लाज वाटत होती, त्याचाहि फायदा होतो. बहिऱ्या मुलाकडे तोंड करून सावकाश बोलणारा शिक्षक सर्वांनाच अधिक समजतो. गणिताला चिंचोके आणि मणी हातांत देणारी बाई सर्वच लहान मुलांस आवडते. आमच्या देशांत सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें अशा मुलांना इतरांबरोबर शिकण्याचा अधिकार दिला आहे. कायद्यानें ठरविलेल्या प्रमाणांत अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षण मिळण्याची तरतूद त्यांत आहे. त्याहून लहान मुलांसाठीं, अंगणवाडींत त्यांना कसें सामावून घ्यावें याची कार्यपद्धति केंद्र सरकारनें सन २०२३ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध केली. बेशरे यांच्यापाशीं यांतील कांहींच नव्हतें; आमच्यापाशीं आहे.

तथापि कूव्रेच्या शाळेची स्तुति करतां करतां तेथें जें उणें होतें तें झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तोंडी पाठ संपून मुलें पुस्तकें उघडीत, तेव्हां लुईचे हात रिकामे राहत. मुलें लिहूं लागत, तेव्हांहि तेच. शाळेनें त्याला जागा दिली, सोबती दिले, मान दिला. अक्षर मात्र तिला देतां आलें नाहीं. जो मुलगा तोंडी उत्तरांत पहिला, तो वाचनाच्या तासाला जणूं त्या वर्गांत नव्हताच. एकाच खोलींत बसविलें म्हणजे सर्व झालें असें समजणाऱ्यांनीं हें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. आणि याच कारणासाठीं पाल्युई व बेशरे यांना पुढचा विचार करावा लागला. पॅरिसमध्यें अंध मुलांची शाळा आहे असें त्यांना कळलें होतें. गांवचे उमराव मार्की दॉर्विलिये यांना पाल्युईंनीं गळ घातली, त्यांनीं शाळेच्या प्रमुखांस पत्र लिहिलें, शिष्यवृत्ति मंजूर झाली, आणि १५ फेब्रुवारी १८१९ रोजीं दहा वर्षांचा लुई वडिलांबरोबर पॅरिसला जाऊन त्या शाळेंत दाखल झाला.

ही शाळा व्हालांतें आउई नांवाच्या गृहस्थांनीं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं काढलेली. तरुणपणीं पॅरिसच्या एका जत्रेंत आंधळ्या वादकांना विदूषकाचे पोषाख चढवून लोक त्यांची थट्टा करीत असलेले त्यांनीं पाहिलें होतें, आणि तेव्हांपासून अंधांना वाचावयास शिकवावें हा त्यांना ध्यास लागला होता. त्यांनीं जाड, ओलसर कागदावर रोमन अक्षरें मोठीं दाबून उठविलीं; तीं बोटांनीं चांचपून वाचतां येत. लुई आला त्या वेळीं आउई शाळेंत नव्हते; डॉक्टर गिये हे प्रमुख होते व त्यांची शिस्त फार कडक होती. शाळेची इमारत जुनी, अंधारी व दमट. चांगल्या हवेंत वाढलेल्या खेड्यांतील मुलाच्या प्रकृतीवर तिचा परिणाम पुढें झालाच.

येथें लुईला पुस्तक मिळालें. परंतु तें पुस्तक कसें! एकेक अक्षर बोटानें वळसे घेत घेत ओळखावयाचें. ओळीच्या शेवटास जाईपर्यंत तिचा आरंभ विसरावयाचा. पुस्तकें अवजड, म्हणून महाग. महाग म्हणून थोडीं. आणि मुख्य उणीव ही कीं, हीं अक्षरें अंध मुलास स्वतः लिहितां येत नसत. डोळ्यांसाठीं जीं अक्षरें शतकानुशतकें घडलीं, तींच उंच करून बोटांपुढें ठेवलीं होतीं. आउई यांचा हेतु थोर होता. अंधानें डोळसाचेंच अक्षर वाचावें, म्हणजे दोघांमध्यें अंतर राहणार नाहीं, अशी त्यांची समजूत होती. पुढें याच समजुतीपायीं लुईला अतिशय त्रास व्हावयाचा होता.

सन १८२१ मध्यें शार्ल बार्बिये नांवाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्यानें टिंबांनीं लिहिण्याची एक रीति शाळेपुढें मांडली. शिपायांना रात्रीं दिव्याशिवाय हुकूम वाचतां यावेत म्हणून ती निघाली, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. परंतु अलीकडील संशोधकांनीं बार्बियेंचे मूळ लेख तपासून असें दाखविलें आहे कीं, ज्यांना शाळेंत जावयास सवड किंवा साधन मिळालें नाहीं अशा लोकांना, त्यांतच अंधांनाहि, सोपें लेखन मिळावें हा त्यांचा हेतु होता. त्यांच्या रीतींत प्रत्येक चिन्हास बारापर्यंत टिंबें लागत आणि चिन्ह अक्षराचें नसून उच्चाराचें असे. त्यामुळें शुद्धलेखन नाहीं, विरामचिन्हें नाहींत, अंक नाहींत, संगीत नाहीं. शिवाय चिन्ह इतकें उंच कीं, तें बोटाच्या अग्राखालीं मावत नसे. बोट वर-खालीं फिरवावें लागे.

बारा वर्षांच्या लुईला मात्र यांत एक गोष्ट तत्काळ पटली: बोटाला रेघेपेक्षां टिंब लवकर कळतें. बापाच्या कारखान्यांत खिळ्यांचीं डोकीं चांचपलेल्या मुलाला हें नवें वाटलें नसावें, असें आम्हांस वाटतें. तो या कामाला लागला. दिवसा वर्ग असत. रात्रीं इतर मुलें निजल्यावर, आणि सुटींत कूव्रेला घरीं गेल्यावर, तो पाटी, कागद व टोंचणी घेऊन बसे. टिंबें कमी करीत करीत त्यानें तीं सहांवर आणिलीं: उभीं तीन, शेजारीं उभीं तीन. एवढें चिन्ह एका बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावतें. बोट न उचलतां नुसतें पुढें सरकवावें. सहा टिंबांचे निरनिराळे ६३ मेळ होतात. त्यांत अक्षरें, अंक, विरामचिन्हें, संगीताचे स्वर सर्व बसतात. योजनाहि मोठी नीटस आहे. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार टिंबांत केलीं. पुढच्या दहांसाठीं तींच घेऊन खालचें डावें टिंब वाढविलें. त्यापुढें खालचीं दोन्ही. म्हणजे दहा चिन्हें ज्याला आलीं त्याला निम्म्याहून अधिक लिपि आलीच. सन १८२४ मध्यें ही लिपि बहुतेक तयार झाली तेव्हां लुईचें वय १५ वर्षांचें होतें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं या आंकड्याकडे एकवार पाहावें.

सन १८२८ मध्यें त्याच शाळेंत लुई ब्रेल साहाय्यक शिक्षक झाले, १८३३ मध्यें पूर्ण शिक्षक. लिपीवरील त्यांचें पुस्तक १८२९ सालीं प्रसिद्ध झालें. चमत्कार असा कीं, नव्या लिपीची ओळख करून देणारें हें पुस्तक आउईंच्या उठावाच्या अक्षरांत छापावें लागलें, कारण अंध वाचकांना तोंवर दुसरें अक्षर येतच नव्हतें. ते ऑर्गन उत्तम वाजवीत आणि पॅरिसच्या चर्चमधून वादकाचें काम करीत. विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव असे. मृत्यूपूर्वीं त्यांनीं एक पेटी न उघडतां जाळावयास सांगितली होती. मागें मित्रांनीं ती उघडली तेव्हां तींत विद्यार्थ्यांना दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या, असें सांगतात.

आतां वर सांगितलेल्या त्रासाकडे वळूं. विद्यार्थ्यांनीं ही लिपि पाहतां पाहतां आत्मसात् केली. ते टिपणें घेऊं लागले, एकमेकांस पत्रें लिहूं लागले, धडे उतरून घेऊं लागले. प्रमुख पिन्ये यांचा ब्रेल यांना पाठिंबा होता. परंतु १८४० सालीं पिन्ये यांना काढण्यांत आलें आणि त्यांच्या जागीं आलेल्या द्युफो यांनीं टिंबांची लिपि बंद केली. अंधांनीं टिंबांत लिहिलें तर ते डोळसांपासून तुटतील, आपसांतच लिहितील-वाचतील, समाजाबाहेर पडतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. दिसावयास हा आक्षेप किती उदार दिसतो! आंधळा व डोळस यांना एकत्र ठेवण्याच्या नांवाखालीं आंधळ्याच्या हातचें एकमेव चालतें अक्षर काढून घेण्यांत आलें. सर्वांना एकच वस्तु देणें आणि सर्वांना बरोबर घेणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्या विद्वान् लोकांना कळलें नाहीं. कूव्रेच्या शाळेंत रिकाम्या हातांनीं बसलेल्या मुलाला तें केव्हांच कळलें होतें. त्याला निराळें अक्षर हवें होतें तें निराळें बसण्यासाठीं नव्हे, तर इतरांच्या शेजारीं भरल्या हातांनीं बसण्यासाठीं.

याचा पुरावा ब्रेल यांच्याच कामांत आहे. सन १८३९ मध्यें त्यांनीं आणखी एक रीति प्रसिद्ध केली. तींत टिंबांच्या मांडणीनें नेहमींच्या रोमन अक्षरांचेच आकार काढावयाचे. ही अंधानें वाचण्यासाठीं नव्हती. अंधानें लिहावें आणि डोळस आईबापांनीं, बहीणभावांनीं, मित्रांनीं डोळ्यांनीं वाचावें यासाठीं होती. हातानें तीं टिंबें टोंचावयास वेळ फार लागे, म्हणून त्यांचे अंध मित्र पिएर फूको यांनीं १८४१ च्या सुमारास तें काम झपाट्यानें करणारें यंत्र बनविलें. टंकलेखन यंत्र बाजारांत येण्यापूर्वीं कित्येक वर्षें दोघा अंध माणसांनीं ही सोय करून ठेविली, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्याला समाजापासून तुटावयाचें आहे तो असले खटाटोप कशाला करील?

बंदी असूनहि विद्यार्थी चोरून टिंबें टोंचीत राहिले. द्युफो यांचे साहाय्यक ग्वादे यांनीं हें पाहिलें, त्यांना लिपीचें महत्त्व पटलें आणि त्यांनीं वरिष्ठांचें मन वळविलें. २२ फेब्रुवारी १८४४ रोजीं शाळेच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें, त्या समारंभांत ब्रेल लिपीचा प्रयोग लोकांसमोर करून दाखविण्यांत आला व तिची उघड प्रशंसा झाली. ब्रेल यांना मात्र १८३५ पासून क्षयानें ग्रासलें होतें. अधूनमधून ते कूव्रेला जाऊन राहत, बरें वाटलें कीं परत येत. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाचें त्रेचाळिसावें वर्ष पुरें होऊन दोनच दिवस झाले असतां, त्यांचें देहावसान झालें. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनीं त्याची दखल घेतली नाहीं. कूव्रेला वडिलांशेजारीं त्यांना पुरलें. त्यांच्या शाळेनें ती लिपि अधिकृतपणें स्वीकारली ती दोन वर्षांनीं, १८५४ मध्यें. पुढें १८७८ सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें अंधांच्या शिक्षणासाठीं तिची शिफारस केली. मृत्यूला शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९५२ मध्यें, फ्रान्सनें त्यांच्या अस्थि पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेल्या. गांवानें त्यांचे हात मात्र दिले नाहींत. ते कूव्रेच्याच स्मशानांत ठेविले आहेत.

आमच्या प्रांताशीं या लिपीचा संबंध जुना आहे. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड बाईंनीं सन १९०० मध्यें, दुष्काळाच्या दिवसांत, अंध मुलांची शाळा काढली. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भाषांसाठीं त्या काळीं टिंबांच्या निरनिराळ्या योजना चालत. एका प्रांतांतील पुस्तक दुसऱ्या प्रांतांतील अंधास निरुपयोगी होई. सन १९५१ मध्यें सर्व भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल ठरली व मराठी तिच्यांतच लिहिली जाते. तींत अ म्हणजे वरचें डावें एकच टिंब. क म्हणजे डाव्या रांगेंतील वरचें व खालचें. ल म्हणजे डाव्या रांगेंतील तिन्ही. हीं चिन्हें इंग्रजी ब्रेलमधील a, के व एल यांचींच आहेत, कारण योजना उच्चारावरून केली आहे.

साधनहि मोठें नाहीं. चौकटीची पाटी, जाड कागद आणि बोथट टोंकाची टोंचणी एवढें हवें. टोंचतांना उजवीकडून डावीकडे जावें लागतें, कागद उलटला म्हणजे टिंबें वर येतात व डावीकडून उजवीकडे वाचतां येतात. डोळस मुलांना ही युक्ति फार आवडते. आपलें नांव अशा रीतीनें टोंचून पाहिल्यावर शेजारच्या अंध मुलाकडून तें तपासून घेणें हा बालवर्गांतील एक चांगला खेळ होतो. त्यांत आणखी एक गंमत आहे. छापील मराठींत कि लिहितांना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं काढावी लागते आणि पहिलींतील मुलें तेथें हमखास गोंधळतात. ब्रेलमध्यें आधीं क व मग इ, म्हणजे तोंडानें ज्या क्रमानें म्हणतों त्याच क्रमानें लिहावयाचें असतें.